वेगाची नोटीस कशी वाचावी

पूर्वी पोलीसदादा हात करून गाडी थांबवीत. शिट्टी वाजे. दंड जागेवरच भरला जाई आणि हातात पावती पडे. आता नेहमीच तसे होत नाही. गाडी रस्त्याने सरळ निघून जाते. कोणी थांबवीत नाही, कोणी बोलत नाही. मग काही दिवसांनी मोबाईल वाजतो. त्यावर संदेश असतो : आपल्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडली आहे, दंड भरावा. याला ई-चलन म्हणतात. गावात लोक म्हणतात, "ऑनलाइन पावती फाडली."

असा संदेश आला की माणसे दोन प्रकारे वागतात. कोणी घाबरतो. तो एजंटाकडे धावतो आणि तो सांगेल तेवढे पैसे मोजतो. कोणी म्हणतो, "जाऊ द्या हो, कोण विचारतंय!" आणि संदेश पुसून टाकतो. दोन्ही रीती नुकसानीच्या आहेत. तिसरी रीत चांगली. ती म्हणजे नोटीस स्वतः वाचणे. तुम्ही आता अक्षरे आणि आकडे वाचता. मग दुसऱ्याच्या तोंडाकडे कशाला पाहायचे? आज आपण हीच नोटीस वाचायला शिकू.

१. नोटीस येते कुठून?

रस्त्याच्या कडेला गोल पाटी असते. तिची कड लाल असते. मध्ये पांढऱ्यावर काळा आकडा असतो. ५० आकडा असेल तर अर्थ असा : येथे तासाला ५० किलोमीटरपेक्षा अधिक वेग नको.

हा वेग मोजायला पोलिसांकडे यंत्र असते. त्याला स्पीड गन म्हणतात. नाव बंदुकीचे असले तरी त्यातून गोळी सुटत नाही. त्यातून प्रकाशाचे बारीक झोत निघतात. ते गाडीवर आपटून परत येतात. गाडी किती वेळात किती जवळ आली, ते यंत्र मोजते आणि वेग सांगते. त्याच वेळी गाडीचा आणि नंबरप्लेटचा फोटो निघतो.

दुसरी एक रीत आहे. रस्त्यावर दोन ठिकाणी कॅमेरे लावतात. पहिल्या कॅमेऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत गाडीला किती वेळ लागला, ते पाहतात. समजा, दोन कॅमेऱ्यांत १० किलोमीटर अंतर आहे आणि मर्यादा १०० ची आहे. मग गाडीला निदान ६ मिनिटे लागली पाहिजेत. ती ५ मिनिटांतच पोहोचली, तर तिचा वेग १२० पडला. कॅमेरा दिसल्यावर ब्रेक दाबणारे येथे फसतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ साली अशी यंत्रणा सुरू झाली.

२. नोटीस वाचू या

खाली एक नमुना दिला आहे. तो आम्ही शिकवण्यासाठी तयार केला आहे. भाजीचा छोटा टेम्पो बाजाराला निघाला होता, असे समजा. बोट ठेवून एकेक ओळ मोठ्याने वाचा.

वाहन क्रमांक : (गाडीचा नंबर)
तारीख : ३ मार्च
वेळ : सकाळी १० वाजून २० मिनिटे
ठिकाण : (रस्त्याचे व गावाचे नाव)
वेगमर्यादा : ताशी ५० कि.मी.
नोंदलेला वेग : ताशी ५८ कि.मी.
कलम : मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८३
दंड : रुपये २,०००

वाचले ना? आता प्रत्येक ओळ काय सांगते ते पाहू.

"ताशी" म्हणजे दर तासाला. "नोंदलेला वेग" म्हणजे यंत्राने मोजलेला वेग. "कलम" म्हणजे कायद्यातील नियमाचा क्रमांक. १८३ हे कलम जास्त वेगाबद्दल आहे. २०१९ साली कायदा बदलला आणि दंड वाढला. कार, जीप, छोटा टेम्पो अशा हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये दंड आहे. ट्रक आणि बस यांना २,००० ते ४,००० रुपये आहे. पुन्हा तोच गुन्हा घडला, तर चालकाचा परवाना जप्त होतो. मालकाने "लवकर पोहोचव" म्हणून चालकाला वेगाने हाकायला लावले, तर मालकही दोषी ठरतो.

एक गोष्ट ध्यानात घ्या. या कलमात थोड्या वेगाला थोडा दंड आणि फार वेगाला फार दंड, असे वेगळे दर नाहीत. मर्यादा ओलांडली म्हणजे ओलांडली.

३. ताडून पाहा

बाजारात आपण वजन पाहून पैसे देतो. येथेही तसेच करावे. चार गोष्टी ताडून पाहाव्यात.

पहिली, गाडीचा नंबर. तो आपल्या गाडीच्या आरसी बुकाशी अक्षर न अक्षर जुळवून पाहा. ३ आणि ८ यांत गल्लत होते. १ आणि ७ यांतही होते.

दुसरी, फोटो. फोटोत आपलीच गाडी आहे का? गाडी टेम्पो आणि फोटोत मोटारसायकल, असे तर नाही ना? नंबरप्लेट स्पष्ट दिसते का?

तिसरी, तारीख, वेळ आणि ठिकाण. त्या दिवशी त्या वेळी गाडी कोठे होती? बाजार समितीची पावती, टोलची पावती, पेट्रोल पंपाची पावती जपून ठेवली असेल तर येथे उपयोगी पडते.

चौथी, वेगमर्यादा. त्या रस्त्यावर आपल्या जातीच्या वाहनाला किती मर्यादा आहे? कारला एक असते आणि ट्रकला दुसरी असते. घाटात ती आणखी कमी असते.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये अशा यंत्रांविषयी नियम केला. नोटिशीत गाडीचा व नंबरप्लेटचा स्पष्ट फोटो हवा, मोजलेला वेग हवा, तारीख, वेळ, ठिकाण आणि कलम हवे, असे त्यात सांगितले. यंत्र लावलेल्या रस्त्यावर आधी सूचनेची पाटी लावावी, असेही सांगितले. म्हणून फोटो पाहायला मागणे म्हणजे हुज्जत घालणे नव्हे. तो आपला हक्क आहे.

४. बरोबर असेल तर भरा, चूक असेल तर सांगा

सारे जुळले तर दंड भरून मोकळे व्हावे. पैसे वाहतूक पोलिसांच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर भरता येतात. घरातील शिकत्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा. आकडे मात्र तुम्ही वाचा. पैसे भरल्यावर पावती येते. ती जपून ठेवा. पावतीवाचून पैसे कोणाच्याही हाती देऊ नका.

नोटीस चुकीची असेल तर गप्प बसू नका. त्याच अ‍ॅपवर तक्रार करण्याची सोय आहे. वाहतूक पोलिसांच्या कार्यालयात लेखी अर्जही देता येतो. अर्ज लांबलचक नको. चलन क्रमांक, गाडीचा नंबर, काय चुकले आहे आणि त्याचा पुरावा, एवढे पुरे. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी आणि तिच्यावर पोहोच घ्यावी. तरीही पटले नाही, तर न्यायालयात म्हणणे मांडता येते. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि कमी मिळकतीचे लोक यांना तेथे मोफत सल्ला मिळतो.

भरायची नाही आणि तक्रारही करायची नाही, असे मात्र करू नका. नोटिशीत जी मुदत लिहिलेली असते, तिच्या आत काय ते करा. न भरलेली चलने साठत जातात. प्रकरण न्यायालयात जाऊ शकते. पुढे गाडी विकायला काढली की तेथे ती अडचण होऊन बसतात.

५. गाडी दुसऱ्याच्या हाती असेल तर

कोणी म्हणेल, "गाडी माझी, पण चालवत होता मेव्हणा. मग मला का नोटीस?" याचे कारण सोपे आहे. कॅमेऱ्याला नंबर दिसतो. माणसाचे नाव दिसत नाही. नंबर ज्याच्या नावावर, त्याच्याकडे नोटीस येते. गाडी कोण चालवत होते, हे पोलिसांनी विचारले तर मालकाने सांगितले पाहिजे. तसा कायदा आहे.

गाडी १८ वर्षांखालील मुलाच्या हाती दिली असेल, तर गोष्ट फार जड जाते. पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत तुरुंग आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

आणखी एक चूक गावोगाव दिसते. गाडी विकतात, पैसे घेतात, पण नाव बदलत नाहीत. घेणारा गाडी पळवतो आणि चलने जुन्या मालकाला येतात. म्हणून गाडी विकली की १४ दिवसांच्या आत आर.टी.ओ. कार्यालयाला कळवावे. घेणाऱ्यानेही ३० दिवसांच्या आत कळवावे.

आपला चालू मोबाईल नंबर गाडीच्या नोंदीत आहे का, हेही पाहून घ्या. कित्येकांच्या नोंदीत विकणाऱ्या दुकानदाराचा किंवा एजंटाचा नंबर पडलेला असतो. मग संदेश त्याला जातो आणि आपण अंधारात राहतो.

६. खोट्या नोटिशीपासून सावध

चोर आता खोटी चलनेही पाठवतात. "तुमचे चलन पाहा" असे लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी "एपीके" अशी इंग्रजी अक्षरे असतात. तो कागद नसतो. तो मोबाईलमध्ये शिरणारा चोर असतो. त्यावर बोट दाबले की तो मोबाईलमध्ये बसतो आणि बँकेचे संदेश वाचू लागतो. खात्यातील पैसे जातात.

म्हणून संदेशातील निळ्या ओळीवर किंवा फाईलवर बोट दाबू नका. सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडा. त्याच्या पत्त्याच्या शेवटी इंग्रजीत "जीओव्ही डॉट इन" असते. तेथे आपल्या गाडीचा नंबर घालून पाहा. खरे चलन असेल तर ते तेथे दिसेल. फोनवर कोणी ओटीपी मागितला तर सांगू नका. फसवणूक झालीच, तर लाजून बसू नका. लगेच १९३० या नंबरावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

७. आठ किलोमीटरने काय बिघडते?

आमच्या वर्गात एका आबांनी विचारले, "गुरुजी, पन्नासाचे अठ्ठावन्न झाले. आठ किलोमीटरनं काय आभाळ कोसळलं?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर हिशेबाने काढू.

तासाला ५० किलोमीटर म्हणजे एका सेकंदाला सुमारे १४ मीटर. तासाला ५८ म्हणजे सेकंदाला सुमारे १६ मीटर. रस्त्यात अचानक पोर धावत आले. ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात पहिली गाडी १४ मीटर पुढे जाते आणि दुसरी १६ मीटर. मग ब्रेक लागतो. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले आहेत असे धरू. पहिली गाडी एकंदर सुमारे २८ मीटरांवर थांबते. दुसरीला सुमारे ३५ मीटर लागतात.

आता समजा, पोर २८ मीटरांवर उभे आहे. पन्नासची गाडी त्याच्या पुढ्यात थांबते. पोर रडत घरी जाते. अठ्ठावन्नची गाडी त्या जागी अजून तासाला सुमारे ३५ च्या वेगात असते. पुढचे आम्ही लिहीत नाही. पावसाळ्यात, ओल्या रस्त्यावर, मालाने भरलेल्या गाडीला याहूनही जास्त अंतर लागते.

आणि वेळ वाचला किती? ५० च्या वेगाने १० किलोमीटरला १२ मिनिटे लागतात. ५८ च्या वेगाने १० मिनिटे २० सेकंद लागतात. वाचली पावणेदोन मिनिटेसुद्धा नाहीत. एवढ्यात चुलीवरचा चहाही होत नाही.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली १०० पैकी ७१ माणसे अतिवेगाच्या अपघातांत गेली. हे आकडे केंद्र सरकारने दिलेले आहेत.

हिशेब झाल्यावर आबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या शाळेपाशी पाटीच नाही. ती कुठं मागायची?" हा प्रश्न पहिल्यापेक्षा मोलाचा होता. ग्रामसभेत ठराव करावा. रस्ता ज्याच्या ताब्यात असेल, त्या कार्यालयाकडे, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद यांच्याकडे, तो ठराव पाठवावा. अर्ज लिहिता येतो, मग पाटीही मागता येते.

शब्दांचे अर्थ

मुदत : ठरवून दिलेला काळ
ताडून पाहणे : जुळवून, तपासून पाहणे
पोहोच : अर्ज मिळाल्याची सही व शिक्का
ठराव : सभेने मिळून केलेला निर्णय

प्रश्न

१. चलन आल्यावर कोणत्या चार गोष्टी ताडून पाहाव्यात?
२. दोन कॅमेऱ्यांत १० किलोमीटर अंतर आहे. मर्यादा १०० ची आहे. गाडी ८ मिनिटांत पोहोचली. तिने मर्यादा मोडली का?
३. गाडी विकल्यावर किती दिवसांत आर.टी.ओ. कार्यालयाला कळवावे?
४. खरे आणि खोटे चलन कसे ओळखाल?

घरी करावयाचे काम

आपल्या गावापासून बाजाराच्या गावापर्यंत जाताना रस्त्यावरच्या वेगाच्या पाट्या पाहा. प्रत्येक पाटीचा आकडा आणि जागा वहीत लिहा. शाळा, दवाखाना, बसथांबा यांच्याजवळ पाटी नसेल, तर तेही लिहा. पुढच्या वेळी वर्गात येताना वही घेऊन या. ग्रामसभेसाठी अर्ज आपण मिळून लिहू.