जुन्या विमानाची पोथी वाटताना

पोरांनो, रद्दीच्या गठ्ठ्यात जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दिसलं, उघडल्यावर विमानाच्या पोटातल्या नळ्या-तारांची चित्रं दिसली, की तुमचं काळीज कसं धडधडतं ते मला ठाऊक आहे. हवाई दलात मी फिटर होतो. परत आल्यावर कागलच्या फाईव्ह स्टार एमआयडीसीत लेथवर उभा राहिलो. पण असं पुस्तक पुढ्यात आलं की आजही आधी हात धुतो. विमान भंगारात वितळून जातं, ते कसं उभं केलं आणि कसं सांभाळलं एवढं मात्र या पानांत उरतं. ट्रंकेत कोंडून ठेवलं तर कसर खाईल, म्हणून वाटायचंच. पण अर्धवट वाटलेलं पुस्तक खोटं बोलतं. म्हणून माझ्या चार गोष्टी गाठीला बांधा.

आधी माणूस गाठा, मग पुस्तक. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूत १९०८ साली डॉ. विष्णू माधव घाटगे जन्मले. जर्मनीत गटिंगनला प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली आणि पुढे बेंगळुरूला एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान घडवलं. ते १९५१ साली उडालं. १९५८ साली उडालेलं पुष्पक आणि १९६४ साली उडालेलं किरण, हेही त्यांच्याच काळातलं काम. पुष्पक देशभरच्या फ्लाइंग क्लबांत होतं. त्यावर हात काळे केलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे जा, चहा घ्या, घाई करू नका. पुस्तकाआधी त्यांची वही बघा. कोणता नट हाताला पोचत नाही आणि तिथे पाना कसा वाकवून घालायचा, हे छापील पुस्तकात नसतं, त्या वहीत असतं.

सुधारणांचं पान कधी सोडू नका. विमानाचं पुस्तक एकदा छापून संपत नाही. सुधारणा आली की जुनं पान काढतात, नवं घालतात आणि सुरुवातीच्या तक्त्यात नोंद करतात. माझ्या हातून एकदा चूक झाली. प्रदर्शनात ठेवायच्या एका विमानासाठी मित्राला चाळीस पानं झेरॉक्स करून दिली, तो तक्ता मात्र घरीच राहिला. नकाशात बुशाचा व्यास पुढे बदलला होता. त्यानं जुन्या मापाचा बुश काढला, तो बसला नाही, दोन दिवस फुकट गेले. विमान जमिनीवरचं होतं म्हणून निभावलं. तेव्हापासून पहिलं पान पहिलं, हा नेम. काढून टाकलेली जुनी पानंही फेकू नका. विमान आधी कसं होतं, ते तीच सांगतात.

नकाशाशेजारी फूटपट्टी ठेवा. आपण फौंड्रीवाल्या मुलखातली माणसं. ॲल्युमिनियम आकसतं म्हणून पॅटर्नला मीटरमागे १३ मिलिमीटरच्या आसपास श्रिंकेज धरतो. झेरॉक्सवर आणि मोबाइलच्या फोटोत नकाशाही असाच लहान-मोठा होतो. पट्टी सोबत असली की फरक लगेच कळतो. तरी माप नकाशावरून मोजू नका, लिहिलेला आकडाच वाचा. इंच की मिलिमीटर, आटे ब्रिटिश की मेट्रिक, तेही बघा. घडीचं पान पूर्ण उलगडून घ्या. तारांचा नकाशा रंगीत असेल तर रंगीतच स्कॅन करा, काळ्या-पांढऱ्यात लाल तार आणि हिरवी तार सारखीच दिसते. मजकुराला ३०० डीपीआय पुरतं, बारीक रेघांना ६०० ठेवा. समासातली पेन्सिलची टिपणं पुसू नका.

शिक्का बघितल्याशिवाय पान पुढे देऊ नका. मिग-२१ हे १९६३ पासून सेवेत होतं, नाशिकजवळ ओझरला ते बनलं, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला त्याला निरोप दिला. पण निवृत्ती विमानाला मिळते, गोपनीयतेच्या शिक्क्याला नाही. तसा शिक्का असेल तर फोटोसुद्धा काढू नका, ज्या दलाचं पुस्तक त्या दलाला कळवा. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आजही लागू आहे. शिक्का नसला तरी छपाईचं साल बघा. सरकारी किंवा सरकारी उपक्रमाच्या पुस्तकावरचा हक्क छपाईच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६० साली छापलेलं पुस्तक २०२१ च्या १ जानेवारीला मोकळं झालं. खाजगी कंपनीचं असेल तर पत्र लिहून परवानगी मागा. मागायला लाज कसली?

प्रत्येक प्रतीवर ठळक लिहा: ‘अभ्यासासाठी, उड्डाणासाठी नाही.’ जुन्या पानावर विसंबून कुणी उडणाऱ्या विमानाचा बोल्ट बदलला तर जीव जाईल.

मूळ पुस्तक जपा. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, म्हणून ते भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. गंजलेले स्टेपल हलक्या हातानं काढा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. घरात पुढे कुणी सांभाळणारं नसेल तर बेंगळुरूचं एचएएलचं संग्रहालय किंवा गोव्याचं नौदल हवाई संग्रहालय यांना विचारा.

आणि शेवटचं. विमानाचं काम संपलं की आम्ही फॉर्म ७०० वर सही करायचो. काय केलं, कुणी केलं, सगळं तिथे दिसायचं. त्या सहीच्या भरवशावर वैमानिक आत बसायचा. तुम्हीही प्रत देताना खाली लिहा: कुठल्या पुस्तकातून घेतली, कधी घेतली, किती पानं आहेत, कुठली नाहीत. आणि सही करा. तुमच्यामागून ते पान उघडणारा माणूस त्या सहीच्याच भरवशावर पुढं वाचणार आहे.