अखंड धुराचे तंत्र : इलेक्ट्रिक स्मोकर आणि बाहेरची पेलेटपेटी

न्यायशास्त्रातील अनुमानाचा पहिला धडा धुरापासून सुरू होतो. पर्वतावर धूर दिसला, की तेथे अग्नी आहे असे अनुमान निघते. मात्र अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे म्हणता येत नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा हे त्याचे ठरलेले उदाहरण. त्यात धग असते, पण धूर नसतो. अमेरिकेतील घरांच्या परसात सर्रास आढळणाऱ्या इलेक्ट्रिक स्मोकरची अडचण नेमकी हीच आहे.

मांस, मासे, चीज यांना लाकडाच्या धुराची धुरी देऊन ते मंद आचेवर शिजविण्याचे हे उपकरण म्हणजे उष्णतारोधक भिंतींचे एक उभे कपाट होय. तळाशी विजेची तापणारी कॉइल, मध्ये जाळीचे कप्पे, वर धूर बाहेर जाण्याचे झरोके आणि तापमान राखणारा थर्मोस्टॅट, अशी त्याची रचना असते. बहुतेक स्मोकर सुमारे १३५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतात. कोळशाची भट्टी रात्रभर राखण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात. परंतु कोळसा गेला, तसा त्याच्याबरोबर येणारा धूरही गेला.

धूर तुटतो कोठे?

ही उणीव भरून काढण्यासाठी कॉइलजवळ एका लहान तबकात लाकडाच्या ढलप्या ठेवतात. कॉइल तापली, की ढलप्या धुमसू लागतात. ठरविलेले तापमान गाठताच थर्मोस्टॅट वीज बंद करतो, ढलप्या थंडावतात आणि धूर थांबतो. कॉइल पुन्हा तापली, की धुराचा दाट लोट उठतो. कपाट जितके चांगले उष्णता धरून ठेवील, तितकी कॉइल कमी वेळ चालू राहते आणि धूरही तितकाच कमी मिळतो. उपकरणाचा गुणच येथे दोष ठरतो. शिवाय तबक लहान असल्याने ढलप्या वारंवार घालाव्या लागतात, आणि दार उघडले की आतील उष्णता निघून जाते.

याचे मूळ कारण एकच आहे. उष्णता आणि धूर या दोन वेगळ्या गरजा असून, दोन्ही एकाच कॉइलच्या हवाली केलेल्या असतात.

फारकतीचा जुना विचार

हा प्रश्न आजचा नाही. मासे धुरावण्याच्या जुन्या युरोपीय भट्ट्यांत भुशाची धुमसती आग तळाशी आणि मासे वर टांगलेले असत. उष्णता, धूर आणि हवेचा ओढा ही तिन्ही एकाच आगीवर आणि बाहेरच्या हवामानावर अवलंबून राहत. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील टोरी संशोधन केंद्रात १९३९ मध्ये विकसित झालेल्या यांत्रिक भट्टीने हे बदलले. तेथे धूर वेगळ्या चुलींत तयार होऊ लागला, तर उष्णता आणि हवेचा वेग यांचे नियंत्रण स्वतंत्रपणे होऊ लागले. इलेक्ट्रिक स्मोकरला बाहेरून जोडलेली पेलेटपेटी ही याच विचाराची घरगुती आवृत्ती म्हणता येईल.

पेटीची रचना

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली दाबून केलेल्या, साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या. दाबामुळे तापलेल्या लाकडातील लिग्निन हेच त्यांना बांधून ठेवते. हिकरी, ओक, सफरचंद, चेरी, मेपल असे प्रकार स्वादानुसार निवडले जातात. घर तापविण्याच्या शेगड्यांसाठी विकले जाणारे पेलेट मात्र खाद्यपदार्थांसाठी वापरू नयेत, कारण त्यांत चिडाच्या जातीचे राळयुक्त लाकूड असू शकते.

हे पेलेट नागमोडी वाटा असलेल्या, छिद्रे पाडलेल्या धातूच्या ट्रेमध्ये भरतात. एका टोकाला लावलेला निखारा उदबत्तीप्रमाणे हळूहळू पुढे सरकतो. चांगला ट्रे पूर्ण भरल्यास दहा-अकरा तासही चालू शकतो. ओळी काठोकाठ भरू नयेत, अन्यथा निखारा शेजारच्या ओळीवर उडी घेतो आणि धूर दुप्पट होऊन वेळ निम्मा होतो.

हा ट्रे स्मोकरच्या आत ठेवला, तर दोन विघ्ने येतात. बंदिस्त कपाटात हवा अपुरी पडून निखारा विझतो, किंवा वरून ठिबकणारी चरबी आणि ओलावा त्यावर पडतो. म्हणून ट्रे बाहेरच्या धातूच्या पेटीत ठेवून तेथील धूर नळीने आत आणला जातो. अमेरिकेतील हौशी मंडळी यासाठी घरासमोर खांबावर बसवतात तसली पत्र्याची टपालपेटी वापरतात. झाकणाची, स्वस्त आणि ट्रे सहज मावणारी अशी ही पेटी या कामी फारच सोयीची ठरली आहे.

पेटी स्मोकरपेक्षा खालच्या पातळीवर असावी आणि नळी चढती असावी, म्हणजे उष्ण धूर स्वाभाविकपणे वर ओढला जातो. वाटेत धूर निवतो आणि त्यातील जड, कडवट डांबर नळीच्या आतच काही प्रमाणात साचते. नळी फार लांब असल्यास ओढा मंदावतो. पेटीला हवेसाठी कमी-जास्त करता येतील अशी छिद्रे ठेवावीत. रंग किंवा जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याला निखाऱ्याचा थेट स्पर्श होऊ देऊ नये आणि पहिला वापर अन्न न ठेवता करावा.

पेटविणे आणि राखणे

न्यायशास्त्राच्या जुन्या उदाहरणात धुराला ओले इंधन लागते. येथे मात्र ओलावा हाच शत्रू आहे. पेलेट हवेतील दमटपणा चटकन शोषतात आणि मग निखारा अर्ध्या वाटेत विझतो. म्हणून ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि शंका आल्यास मंद ओव्हनमध्ये कोरडे करून घ्यावेत. लाकूड कोरडे, पण हवा मोजकी, हे धुमसण्याचे सूत्र होय.

ट्रेच्या टोकाला गॅसच्या ज्योतीने पेटवून दहा मिनिटे मोकळेपणाने जळू द्यावे आणि चांगला लाल निखारा तयार झाल्यावरच ज्वाला फुंकून विझवावी. या पायरीवरील घाई हे धूर बंद पडण्याचे नेहमीचे कारण असते. स्मोकरचा वरचा झरोका पूर्ण उघडा ठेवावा. तो मिटल्याने धूर अधिक मुरत नाही, उलट शिळा होऊन अन्नावर कडू थर धरतो. पेटीच्या छिद्रांवर वारा थेट येत असेल, तर आडोसा करावा.

धुराचा रंग हा खरा मापक. विरळ, निळसर धूर सूक्ष्म कणांचा असतो आणि तोच हवा. दाट पांढरा लोट दिसल्यास निखारा गुदमरला आहे किंवा पेलेट दमट आहेत, असे समजावे.

स्वाद आणि सुरक्षितता

स्थिर धुराचा प्रश्न केवळ चवीचा नाही. लाकडातील लिग्निन मंदपणे विघटित होताना ग्वायकॉल, सिरिंगॉल यांसारखी सुवासिक द्रव्ये देते. मात्र ज्वाला भडकून तापमान फार वाढले, की बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये अधिक निर्माण होतात. युरोपीय संघाने धुरावलेल्या मांसातील बेंझोपायरीनची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून किलोमागे ५ वरून २ मायक्रोग्रॅमवर आणली. संथ, सारखा निखारा हा म्हणूनच आरोग्याचाही भाग आहे.

बाहेरच्या पेटीमुळे कॉइल न तापविता, ३० अंशांखाली, चीजसारखे पदार्थ धुरावता येतात. परंतु या सोयीत एक धोका लपलेला आहे. ४ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि धूर त्यांना पुरेसा आवर घालीत नाही. कच्चे मांस वा मासे योग्य प्रमाणात मिठात मुरविल्याशिवाय असे थंड धुरावू नयेत. शिजवायच्या कोंबडीच्या गाभ्याचे तापमान ७४ अंशांपर्यंत गेल्याची खात्री तापमापकानेच करावी, रंगावरून नव्हे.

धुमसणाऱ्या लाकडातून गंधहीन, विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्यामुळे हे काम गॅरेजमध्ये किंवा बंद गच्चीत कदापि करू नये. पेटी भिंतीपासून व वाळक्या पाल्यापासून दूर ठेवावी आणि राख पूर्ण निवाल्यावर धातूच्या डब्यात टाकावी.

स्मोकरने उष्णता सांभाळावी आणि पेटीने धूर, अशी कामाची वाटणी एकदा झाली, की दोन्ही आपापल्या जागी चोख चालतात. मग दार वरचेवर उघडावे लागत नाही. अधूनमधून झरोक्यातून निघणाऱ्या धुराच्या रंगाकडे नजर टाकली, तरी पुरते.