आधी दारू की आधी नैराश्य?

प्रश्न : माझे पती रोज पितात आणि वर्षभर फार उदास असतात. नोकरीमुळे भरती व्हायला ते तयार नाहीत. डॉक्टरांनी बाह्यरुग्ण गटोपचार सुचवलाय. पण आधी दारू सुटायला नको का? चारचौघांत बोलून काय होणार?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, दारू सुटेपर्यंत मनाचे उपचार थांबवायचे, हा समज सोडा. काहींची उदासी दारू थांबल्यावर तीन-चार आठवड्यांत ओसरते, काहींची नाही. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ दोन्हींकडे एकत्रच पाहतात. गटात माणूस प्रथमच बोलतो, कारण समोरचाही त्याच वाटेने आलेला असतो. लाज तिथेच उतरते, हे मी वारंवार पाहिलंय. कामावरून सुटल्यावरही तिथे जाता येतं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या व्यसनमुक्तीच्या स्वमदत गटाच्या सभा मोफत असतात, पण त्या औषधोपचाराला पर्याय नाहीत.

मात्र रोजची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. तो धोका जिवावरचा. हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, गरज पडली तर थोडे दिवस भरती होऊन. मरणाची भाषा आली, तर गटाच्या दिवसाची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. तुम्हीही बोला, तुम्ही थकला आहात.