हिवाळी सुट्टी आणि घरातील वीज

नवी दिल्लीतील आर. के. पुरम अर्थात रामकृष्णपुरम् ही केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत. येथील सेवा भवनात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे कार्यालय आहे. ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये १ मार्च २००२ रोजी ही संस्था स्थापन झाली. विद्युत उपकरणांवरील ताऱ्यांची पट्टी २००६ पासून तिनेच रूढ केली. १४ डिसेंबर हा दिवस देशभर राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो. त्याच सुमारास दिल्लीत थंडीचा कडाका वाढू लागतो.

महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या कुटुंबाला हा हिवाळा नवा असतो. जानेवारीच्या आरंभी शाळांना सुट्टी लागते, मुले दिवसभर घरी असतात आणि हीटर व गीझर यांना उसंत मिळत नाही. पुढील देयक हाती आले की मगच खर्चाची जाणीव होते.

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. दोन हजार वॅटचा हीटर रोज चार तास चालविल्यास दिवसाला आठ, तर पंधरा दिवसांत १२० युनिट लागतात. दोनपैकी एकच कांडी पेटविली तर हा आकडा ६० वर येतो. दाराखालची फट जुन्या कापडाने बुजविणे, दुपारी दक्षिणेकडील खिडकीचे पडदे सारून ऊन आत घेणे आणि सायंकाळी ते ओढून घेणे, एवढ्याने एका कांडीची ऊब पुष्कळदा पुरेशी होते. झोपताना मात्र हीटर बंद करून रजईवरच भिस्त ठेवावी.

गीझरचेही असेच आहे. पंधरा लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे पाऊण युनिट वीज लागते. दोन हजार वॅटच्या गीझरला त्यासाठी पंचवीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. एकाने स्नान केल्यावर उरलेले पाणी निवले, तर दुसऱ्यासाठी ते पुन्हा तापवावे लागते. म्हणून सर्वांनी लागोपाठ स्नान करावे व लगेच बटण बंद करावे.

सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी गीझर, दूरचित्रवाणी संच व इतर उपकरणे भिंतीवरील बटणापासूनच बंद करावीत. नुसत्या सज्ज अवस्थेत दहा वॅट घेणारे उपकरणही पंधरा दिवसांत साडेतीन युनिटांहून अधिक वीज वापरते. फ्रिज रिकामा करून बंद करावा व त्याचे दार किंचित उघडे ठेवावे.

बचतीच्या नादात एक चूक मात्र कदापि होऊ नये. वीज वाचविण्यासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे प्राणघातक ठरते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वासही नसतो. झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. गॅसवर चालणारा गीझर असल्यास न्हाणीघरातील झरोका उघडाच असावा. फटी बुजवाव्यात त्या विजेचा हीटर असलेल्या खोलीच्या, आणि तेथेही थोडी हवा खेळती राहील एवढी काळजी घ्यावी.

सुट्टीच्या पहिल्या व अखेरच्या दिवशी मुलांकडून मीटरवरील आकडा वहीत लिहवून घ्यावा. वजाबाकी त्यांनीच करावी. वाचलेली रक्कम त्यांच्या बचत खात्यात जमा झाली, तर काटकसरीचा हा धडा त्यांच्या कायम स्मरणात राहील.