अनेक फोटोंचा एक फोटो



फोटोग्राफी शिकताना आम्ही पिरनवाडीत वर्गाचा एकत्र फोटो सकाळी काढला. एक मैत्रीण त्या दिवशी गैरहजर होती. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्याच जागी तिचा फोटो घेऊन आम्ही तो संगणकावर जोडला. ती रांगेत बसली खरी, पण सर्वांच्या सावल्या पश्चिमेकडे आणि तिची एकटीची पूर्वेकडे!

त्यातून आम्ही तीन गोष्टी शिकलो. सर्व फोटोंत प्रकाशाची दिशा एकच हवी. कॅमेऱ्याची उंची व अंतर सारखे हवे. कापलेली कड थोडी मऊ करावी, नाहीतर कात्रण चिकटवल्यासारखे दिसते.

ही कला संगणकापेक्षा जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८५७ साली ऑस्कर रेयलँडर यांनी तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक चित्र छापले. १८५८ मध्ये हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्हमधून मृत्युशय्येवरील मुलीचे चित्र केले. प्रत्यक्षात ती मुलगी धडधाकट होती!

आपल्याकडेही आजी-आजोबांचा एकत्र फोटो नसेल, तर स्टुडिओवाले दोन फोटोंचा एक करून देतात. घरात त्याने समाधान मिळते. पण शाळेचा फोटो म्हणजे त्या दिवशी कोण हजर होते याचा पुरावा. उद्या कोणी त्यावर विश्वास ठेवील. म्हणून मैत्रिणीचा फोटो सकाळच्या उन्हात पुन्हा काढून आम्ही जोडला आणि खाली स्पष्ट लिहिले : ‘दोन दिवसांचे दोन फोटो जोडून’.

जोडकाम बेमालूम असावे, पण लपवू नये.