मॉर्गन डॉलर आणि निवृत्तीची पुंजी

प्रश्न : मी न्यू जर्सीत नोकरी करतो. चांदीचे जुने मॉर्गन डॉलर जमवतो. निवृत्तीसाठी दरमहा काढून ठेवतो ती रक्कमही याच नाण्यांत घालावी असं वाटतं. चांदी बुडत नाही आणि जुनी नाणी दुर्मीळच होत जाणार. माझं बरोबर आहे का?

उत्तर : छंद जरूर वाढवा, पण निवृत्तीचे पैसे त्यात घालू नका. मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅमचा, त्यात चांदी ९० टक्के. चांदी बुडत नाही हे म्हणणं त्या साधारण २४ ग्रॅमपुरतंच, आणि तिचाही भाव वरखाली होतो. त्याहून जास्त मोजता ते दुर्मीळतेचे पैसे, आणि दुर्मीळता हा अंदाज असतो. १९१८च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने २७ कोटींवर डॉलर वितळवले. बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत हिंदुस्थानात रुपये पाडायला आली. कोणत्या सालची किती नाणी भट्टीत गेली याची नोंदच नाही. त्यामुळे किती पाडली यावरून किती उरली हे कळत नाही. १९०३चा न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचा डॉलर (मागे पानांच्या माळेखाली बारीक ‘ओ’) अतिदुर्मीळ समजला जाई. १९६२ मध्ये सरकारी तिजोरीतून त्याच्या थैल्याच्या थैल्या निघाल्या आणि भाव कोसळला.

त्या तिजोऱ्या आता रिकाम्या आहेत, असं तुम्ही म्हणाल. मान्य. १८९३चं सॅन फ्रान्सिस्कोचं नाणं एक लाखच पाडलं गेलं, ते आजही मोठ्या किमतीला जातं. पण म्हणूनच साध्या नाण्यावर त्या टांकसाळीचा खोटा ‘एस’ चिकटवून ते खपवलं जातं. मान्यताप्राप्त संस्थेने तपासून सीलबंद केलेलंच घ्या. खरं नाणं विकतानाही व्यापारी खरेदीचा भाव देत नाही. शिवाय वर्षाहून जास्त ठेवून विकलेल्या संग्रही वस्तूंच्या नफ्यावर अमेरिकेत २८ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागतो. शेअरवर ही मर्यादा २० टक्के आहे. निवृत्ती खात्यातून, म्हणजे आयआरएतून, मॉर्गन डॉलर घेतले तर तेवढी रक्कम तुम्ही खात्यातून काढली असं धरून कर लावतात.

म्हणून छंदाचं बजेट वेगळं ठेवा, प्रत्येक खरेदीची पावती जपा, आणि काळवंडलेलं नाणं घरच्या चांदीच्या भांड्यासारखं घासू नका. घासलेल्या नाण्याची मूळ झळाळी जाते आणि जाणकार त्याला लगेच कमी भाव देतो.