स्मोकीच्या आडवाटा: खर्च किती, कशावर?

अटलांटा, शार्लट किंवा रॅलेच्या मराठी घरांत आई-बाबा भारतातून आले की त्यांना डोंगर दाखवायला कुठे न्यायचं, हा विषय निघतोच. 1 जानेवारी 2026 पासून त्यात खिशाचाही विचार आला आहे. अमेरिकेचे रहिवासी नसलेल्यांकडे वार्षिक पास नसेल, तर योसेमिटी, यलोस्टोनसह 11 उद्यानांत नेहमीच्या शुल्कावर माणशी 100 डॉलर जादा द्यावे लागतात. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरचं ग्रेट स्मोकी माउंटन्स या यादीत नाही. तिथे प्रवेशशुल्कच नाही. टेनेसीने आपला रस्ता उद्यानाला देताना टोल न घेण्याची अट घातली होती, तिचा हा फायदा.

पैसे लागतात ते गाडी उभी करायला. 15 मिनिटांहून जास्त थांबणार असाल तर पार्किंग टॅग हवा: दिवसाला 5, आठवड्याला 15, वर्षाला 40 डॉलर. तीन दिवस राहणार असाल तर सरळ आठवड्याचा घ्या, पैसे तेवढेच पडतात. वर्षात तिसऱ्यांदा आठवड्याचा टॅग घेण्याची वेळ येणार असेल, तर आधीच वार्षिक घेतलेला बरा. टॅग एकाच गाडीपुरता असतो आणि छापील लागतो. फोनवरचा फोटो चालत नाही. राष्ट्रीय उद्यानांचा 80 डॉलरचा वार्षिक पास असला, तरी टॅग वेगळा घ्यावाच लागतो.

गॅटलिनबर्गच्या बाजूने गर्दी फार. माझं मत विचाराल तर ब्रायसन सिटीजवळच्या डीप क्रीकने सुरुवात करा. टॉम ब्रँच धबधबा पाव मैलावर आहे, इंडियन क्रीक धबधबाही मैलाच्या आत. गुडघे कुरकुरणाऱ्या आई-बाबांनाही ही वाट जमते. पाय घट्ट असतील तर कॉस्बीहून हेन वॉलो धबधबा गाठा; जाऊन-येऊन साडेचार मैलांच्या आसपास चाल आहे आणि चढही आहे. कॅटालूचीच्या खोऱ्यात 2001 मध्ये पुन्हा आणून सोडलेली एल्क हरणं दिसतात, पण 2024 च्या हेलेन वादळाने त्या बाजूच्या रस्त्यांची फार नासधूस केली. निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्ता चालू असल्याची खात्री करा.

मुक्कामासाठी कॉस्बी किंवा डीप क्रीकच्या कॅम्पग्राउंडवर तंबूची जागा रात्रीला 30 डॉलरला मिळते. ती हंगामातच उघडी असतात. आत रानात राहायचं तर माणशी रात्रीला 8 डॉलर, एका परवान्यावर माणशी जास्तीत जास्त 40. म्हणजे दोघांच्या दोन रात्रींचे 32 आणि टॅगचे 15, एकूण 47 डॉलर. रानातली जागा आधी राखून ठेवावी लागते आणि अस्वलांमुळे खाण्याच्या पिशव्या तिथल्या तारेला उंच टांगाव्या लागतात. चिवडा-लाडूसुद्धा तंबूत ठेवू नका.

उद्यानात पेट्रोल मिळत नाही, टाकी बाहेरच भरून घ्या. आणि पाच डॉलर वाचवायला टॅग टाळू नका: ते पैसे याच उद्यानाच्या वाटा, पूल आणि स्वच्छतागृहांसाठी इथेच राहतात.